आधी वायरिंग, मग वैकुंठ

रणवरे सर भुताखेतांना मानत नव्हते, पण त्यांच्यासाठी दुपारचा माझा मिक्सर मात्र बंद ठेवायला लावायचे. बारामतीत आमची घरं भिंतीला भिंत लागून. मी भाजलेले शेंगदाणे मिक्सरच्या भांड्यात घालते न घालते तोच कंपाउंडच्या भिंतीवरून त्यांचं डोकं वर यायचं. "बाई, जरा वेळ थांबता का? रेकॉर्डिंग लावतोय."

"सर, मेलेली माणसं एवढी वर्षं थांबलीत, अजून घटकाभर थांबतील. माझी भाजी खाली लागतीय," मी म्हणायचे. ते ना हसायचे ना वाद घालायचे. नुसते तिथंच उभे राहायचे. शेवटी मीच चरफडत बटणावरचा हात काढायचे. असला शेजार देव वैऱ्याला न देवो, असं मी आमच्या ह्यांना शंभरदा ऐकवलं असेल. आता सर जाऊनही बराच काळ झाला. मिक्सर कधीही लावता येतो, आणि त्याचं मला काडीचं सुख नाही.

आम्ही दोघं एकाच ज्युनियर कॉलेजात होतो. ते फिजिक्स शिकवायचे, मी मराठी. अंगानं काटकुळे, पांढरा फुल बाह्यांचा शर्ट, आणि खिशाला पेनाच्या जागी टेस्टर. पेन लागलं की माझ्याकडं मागायचे आणि परत द्यायला विसरायचे. मुलं त्यांना पाठीमागं 'भूतसर' म्हणायची. एकदा कुणीतरी फळ्यावर कवटी काढून ठेवली होती. सरांनी खडू घेऊन तिचा जबडा नीट करून दिला, 'आता बरोबर आहे' म्हणाले आणि तास सुरू केला. त्यानंतर कवटी काढायची कुणाला हौस राहिली नाही.

मेलेल्यांचे आवाज यंत्रात पकडायचे जगभर जे काही उद्योग झाले, त्यांचा सगळा इतिहास ह्या माणसाला तोंडपाठ. स्टाफरूममध्ये चहा आला आणि कुणी कुणाच्या मयताचा विषय काढला, की संपलंच. "बाई, माणसानं आवाज साठवायचं यंत्र काढलं ना, तेव्हापासून त्याला गेलेल्यांचा आवाज हवा झाला." मग तो स्वीडनमधला चित्रकार यायचा. तो बिचारा पक्ष्यांचे आवाज टेप करायला गेला, आणि घरी येऊन ऐकतो तर त्यात त्याची मेलेली आई त्याला हाक मारतीय. मग त्याचं वाचून पछाडलेला एक लाटव्हियन पंडित, ज्यानं उरलेलं आयुष्य टेपवरच्या खरखरीत माणसं शोधण्यात घालवलं. मग अमेरिकेतले ते दोघं, ज्यांनी घूंऽ असा आवाज काढणारं एक यंत्र बनवलं आणि एक मेलेला शास्त्रज्ञ त्यातून आमच्याशी गप्पा मारतो म्हणाले. मग रेडिओची स्टेशनं भराभरा फिरवणारा डबा. आणि आता तर मोबाईलवर अॅपच. "आधी गिरणीएवढं यंत्र लागायचं, आता भूत फुकट डाउनलोड होतं," सर म्हणायचे.

ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा आला की ते थांबायचे आणि विचारायचे, "त्या चित्रकाराच्या जवळपास रेडिओ कुठं चालू होता, हे कुणी विचारलं का?" आणि मग त्यांचं ते ठरलेलं वाक्य, जे बारामती आणि इंदापूर ह्या दोन्ही तालुक्यांत त्यांच्या नावावर होतं. "आधी वायरिंग बघा, मग वैकुंठ."

कुणाच्या घरात आवाज येतात, कुणाच्या टीव्हीतून सासरा बोलतो, असं कळलं की त्यांना बोलावणं यायचं. ते जायचे. पैसे घ्यायचे नाहीत, चहा घ्यायचे. त्यांची पद्धत अशी, की आपला रेकॉर्डर डेअरीच्या दुधाच्या स्टीलच्या कॅनमध्ये ठेवायचा, झाकण घट्ट लावायचं आणि वरून गोधडी गुंडाळायची. धातूच्या डब्यात रेडिओच्या लहरी शिरत नाहीत, आणि गोधडीतून शेजारणीचं भांडण शिरत नाही, असं त्यांचं म्हणणं. एवढं करूनही आत आवाज आला, तर मग बघू. मला आठवतंय तसं तो कधी कुणाकडं आला नाही.

वडगाव निंबाळकरच्या बाजूचं एक घर मात्र मी विसरले नाही. मीही गेले होते, कारण त्या घरातली सून माझी विद्यार्थिनी. घरातले तात्या वारले होते, आणि त्यांचा मोबाईल म्हातारीकडं आला होता. त्यावर दिवसाआड फोन यायचा. उचलला की तात्या बोलायचे. "मोटर चालू झाली." बस्स, एवढंच. घरातल्या लेकांची पाचावर धारण बसली होती. थोरला म्हणाला, "सर, बाप मेल्याव बी उसाला पाणी देतोय. काय समजायचं आमी?"

सर सरळ विहिरीवर गेले. मोटरच्या पेटीत सिमकार्ड घातलेला स्टार्टर होता. लाइट आली की तो आपोआप मोटर चालू करतो आणि मालकाला फोन लावतो. कंपनीनं भरलेला बाईचा आवाज तात्यांना पसंत नसावा. त्यांनी दुकानदाराकडून त्यात स्वतःचा आवाज भरून घेतला होता आणि घरात कुणाला सांगितलं नव्हतं. फोन जन्मभर त्यांच्याच बंडीत, दुसऱ्या कुणी तो कधी उचललाच नव्हता. सरांनी सगळ्यांना पेटी उघडून दाखवली. लेकांच्या जिवात जीव आला. थोरला लगेच म्हणाला, "काढून टाका ते."

म्हातारी इतका वेळ बांधावर बसून होती. ती म्हणाली, "कुणी हात लावायचा न्हाय. पेटीच बोलती, हे मला पयल्या दिवशीच कळलं हुतं. बोलू द्या की. तुमचं काय खाती?"

मला वाटलं, सर आता म्हातारीला चार गोष्टी समजावतील. पण त्यांनी पेटीचं दार लावलं, वरचा पाला झटकला आणि गाडीकडं निघाले. परतताना मी म्हणाले, "तुमचं शास्त्र कुठं गेलं?" तर म्हणाले, "ती कुठं म्हणाली तात्या बोलतात? ती पेटी बोलते म्हणाली. तिचं बरोबर आहे." त्या दिवशी मला त्यांचा राग आला होता, हेही सांगते. कारण तेव्हा शालिनीताईंना जाऊन वर्ष व्हायचं होतं, आणि सर दुपारी घर बंद करून काय करतात हे मला माहीत होतं.

शालिनीताई म्हणजे सरांच्या मिसेस. बाई मोठी गोड आणि मोठी खमकी. नवऱ्याच्या ह्या नादाला त्या "आमच्या ह्यांची दुसरी बायको" म्हणायच्या. दुखणं आलं आणि पोळ्याला धडधाकट असलेली बाई संक्रांतीला नव्हती. त्यानंतर सर रोज दुपारी पंखा बंद करायचे, फ्रिजची पिन काढायचे, आणि कॅनबिन काही नाही, रेकॉर्डर उघडा टेबलावर ठेवून समोर बसायचे. एक प्रश्न विचारायचे आणि गप्प राहायचे. मग हेडफोन लावून ती शांतता पुन्हा ऐकायचे. अख्ख्या तालुक्याच्या भुतांना गोधडीत गुंडाळणारा माणूस, आणि स्वतःच्या घरात असा उघडा बसलेला. मला बघवायचं नाही.

एक दिवस ते भिंतीशी आले. चेहरा असा, की मला वाटलं ह्यांना ताप आहे. म्हणाले, "बाई, एक आलंय."

"काय आलंय?"

"आवाज. तिचा आहे."

मी म्हणाले, ऐकवा. ते म्हणाले, नाही. काय म्हणतात ताई, विचारलं तर तेही नाही. "मी सांगितलं तर तुम्हाला तेच ऐकू येईल. मग ऐकण्याला अर्थ काय?" मी म्हणाले, "मग न सांगता ऐकवा." त्यावर ते खूप वेळ भिंतीवरचं शेवाळ नखानं खरवडत राहिले आणि आत निघून गेले. मी काही फिजिक्स शिकलेली नाही, पण एवढं मला कळलं, की मी ऐकून 'काही नाही' म्हणाले असते तर ह्या माणसाकडं काहीच उरलं नसतं. पुढं आम्ही दोघंही रिटायर झालो, तरी ती टेप त्यांनी कुणाला ऐकवली नाही. रेकॉर्डर तेवढा सतत बरोबर असायचा, खांद्याच्या शबनम पिशवीत, दवाखान्यात जाताना सुद्धा.

आणि मग अश्विनी आली.

अश्विनी आम्हा दोघांची विद्यार्थिनी. नर्सिंग केलेली पोर, इंदापूरच्या पुढं उजनी धरणाच्या फुगवट्याच्या काठाला एका वस्तीवर दिलेली. नवरा सागर, चांगला मुलगा. मोटारसायकलवरून येताना उसाच्या ट्रॉलीला मागून धडकला आणि जागच्या जागी गेला. पदरी ओवी, चार वर्षांची. त्या दिवशी अश्विनी माझ्या स्वयंपाकघरात खाली बसली आणि पाण्याचा तांब्या तसाच हातात धरून बोलत राहिली. सर दारात उभे होते.

दहाव्याला नदीकाठी पिंड ठेवला, पण कावळा काही शिवेना. आपल्याकडं कावळा शिवला नाही की गेलेल्याचा जीव कशात तरी अडकलाय असं धरतात, आणि एकेक नातेवाईक पुढं होऊन त्याला शब्द देतो. आईनं शब्द दिला, चुलत्यानं दिला. दोन कावळे येऊन झाडावर बसले आणि खाली येईनात. मग थोरला दीर, बापू, पुढं झाला आणि म्हणाला, "सागऱ्या, ओवीची काळजी करू नगंस, ती आपल्या घरातच राहील." आणि कावळा खाली आला. त्या सगळ्याचं बापूनं मोबाईलवर रेकॉर्डिंग केलं होतं. घरी येऊन ऐकलं, तर कावळा उतरायच्या आधी, पाण्याच्या आवाजात, सागरचा आवाज. "पोरगी हितंच ठेवा."

"सगळ्यांनी ऐकलं, बाई," अश्विनी म्हणाली. "मीबी ऐकलं."

तिला बारामतीतल्या एका हॉस्पिटलात नोकरी लागली होती. सोमवारी हजर व्हायचं, नाही तर जागा दुसरीला. सासरचे म्हणाले, तू खुशाल जा, आमची ना न्हाय. पोरगी मात्र हितं राहणार. आम्ही म्हणत न्हाय, सागर म्हणतोय.

"अगं, पोरगी तुझी आहे. कायदा आहे ना," मी तडकले.

"कायदा मला ठाव हाय. पोलीस घेऊन गेले तर ओवी आजच्या आज मिळंल. पण ती आजीच्या हातनं जेवती, आजीजवळ झोपती. बाप गेला तिचा, आता आजीबी तोडू का? आत्यांनी मनानं सोडली पायजे." सासूला ती आत्या म्हणायची. "आन् खरं सांगू का सर? तो खरंच सागरचा आवाज असला तर? मी त्यांचं मोडून पोरगी न्हेली तर?"

सर एवढंच म्हणाले, "उद्या जाऊ."

ती गेल्यावर मी सरांना म्हणाले, "तुमच्याकडं एवढं सामान आहे. एक आवाज तुम्हीच काढा की. खरखरीत सागरनं म्हणायचं, 'ओवीला आईबरोबर जाऊ द्या.' म्हातारी हसत पाठवील. लबाडीनं का होईना, लेकराचं कल्याण होतंय."

सर माझ्यावर कधी आवाज चढवून बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले. "आणि उद्या तोच सागर म्हणाला, दुसरं लग्न करू नको, तर? परवा म्हणाला, नोकरी सोड, तर? एकदा मेलेल्याची परवानगी घेतली बाई, की ती जन्मभर घ्यावी लागते." मग आवाज खाली आणून म्हणाले, "चहा टाका." पण चहा न पिताच गेले.

दुसऱ्या दिवशी सरांच्या जुन्या गाडीतून आम्ही गेलो. वाटभर त्यांची शबनम मांडीवर, आणि गिअर बदलून झाला की हात परत तिच्यावर. त्यांच्या मनात काय आहे ते मला तेव्हा कळलं असतं, तर मी गाडी मागं फिरवायला लावली असती.

घरापुढं पत्र्याची शेड, तिथं सतरंजी टाकलेली. सागरची आई, कमलआक्का, खांबाला टेकून बसलेल्या. डोळे रडून रडून कोरडे पडलेले. ओवी त्यांच्या मांडीत. बापू उभाच. त्यांचे चुलते आबा खाटेवर. अश्विनी दाराच्या आत, उंबऱ्याजवळ. मी मनातून वाईट माणसं बघायची तयारी करून गेले होते, आणि इथं एक आई होती. त्यानं माझं सगळं अवसान गेलं.

बापूनं फोन देवापुढून आणला, फडक्यात गुंडाळलेला. "सर, तुमी भुतंखेतं खोटी ठरिवता, आमाला ठाव हाय. पर हे भूत न्हाय. माझा भाऊ हाय." त्यानं बटण दाबलं.

पाणी. वारा. कुणाचे तरी हुंदके. आणि मग त्या सगळ्यात, अगदी स्पष्ट, एका पुरुषाचा आवाज. पोरगी हितंच ठेवा. मी अश्विनीकडं बघितलं, तिनं पदर तोंडात कोंबला होता. आक्का फोनकडं हात पसरून "माझं लेकरू" म्हणाल्या, आणि ओवी घाबरून त्यांना बिलगली.

सर म्हणाले, "बापूराव, हे पहिल्यांदा कुणी ऐकलं?"

"मी."

"मग बाकीच्यांना ऐकवताना काय म्हणालात?"

"म्हणलं, ऐका, सागर म्हणतोय पोरगी हितंच ठेवा." बापूच्या लक्षात आलं आणि त्याचं डोकं फिरलं. "म्हंजी आमी खोटं बोलतो? माझ्या भावाच्या मातीवर मी खोटं बोलीन? उठा, सर. तुमचा मान ठिवून सांगतो, उठा हितनं."

"बस खाली," आबा म्हणाले. बापू बसला नाही. त्यानं सरांच्या खांद्याला हात घातला. मीच मधे पडणार होते, पण सर हलले नाहीत. ते म्हणाले, "तुम्ही खोटं बोलत नाही. तुम्ही ऐकलंत. मीही ऐकतो. माझी बायको गेली, तिचा आवाज माझ्याकडं आहे."

बापूचा हात आपोआप खाली आला. सरांनी शबनममधून रेकॉर्डर काढला आणि सतरंजीच्या मधोमध ठेवला. मी म्हणाले, "सर, नको." त्यांनी ऐकलं नाही. बटण दाबलं.

खरखर. मधे कुठंतरी ठसक्यासारखा एक आवाज, परत खरखर. संपलं.

"काय ऐकलं? मी काही सांगणार नाही," सर म्हणाले.

आबा म्हणाले, "मोटर चालल्यावानी वाटतंय." बापू म्हणाला, "पाणी." आक्का म्हणाल्या, "कोण तरी खाकरलं." अश्विनीनं नुसती मान हलवली.

मग सर माझ्याकडं वळले. "बाई, तुम्ही तिचा आवाज इतकी वर्षं भिंतीपलीकडून ऐकलाय. सांगा."

देवाशपथ सांगते, आयुष्यात एवढं अवघड मला कुणी काही विचारलं नव्हतं. हो म्हणावं, तर सागरचा आवाजही खरा ठरतो आणि ओवी इथं राहते. नाही म्हणावं, तर ह्या माणसाची शालिनीताई आज माझ्या तोंडून दुसऱ्यांदा मरते. ते माझ्याकडं बघत होते, आणि त्यांना 'हो' हवं होतं हे त्यांच्या डोळ्यांत अगदी उघड होतं.

"काही नाही सर," मी म्हणाले. "खरखर आहे."

त्यांनी मान डोलावली. थोडा वेळ तशीच डोलावत राहिले. मग म्हणाले, "ती म्हणते, 'अहो, जेवलात का?' आता ऐका." आणि पुन्हा तेच लावलं.

आणि त्या खरखरीतून शालिनीताई बोलल्या. तोच हेल, 'अहो' वरचा तोच जोर. मला रडू आवरेना. बापूचे डोळे एवढाले झाले. आक्का पुढं वाकल्या आणि म्हणाल्या, "आलं. आलं ऐकू. बाई माणूस हाय. जेवलात का म्हणती."

"मगाशी नव्हतं," सर म्हणाले. "टेप तीच आहे. मधे फक्त मी सांगितलं. आक्का, आपल्या मनात जे असतं ना, ते ऐकू येतं. माझ्या मनात होतं, तिनं विचारावं. तुमच्या मनात आहे, ओवी इथं राहावी. त्यात पाप नाही. पण ते तुम्ही तुमच्या तोंडानं म्हणा. सागरच्या तोंडी घालू नका. त्याला आता नाही म्हणता येत नाही."

गोठ्यात म्हशीची साखळी वाजली तेवढीच. आक्कांनी ओवीच्या केसांवरून हात फिरवला, फिरवतच राहिल्या. मग सुनेकडं बघून म्हणाल्या, "व्हय. माझ्या मनात हाय. ही गेली तर ह्या घरात मला उठायला कारण काय? तेवढंच हाय माझ्या मनात."

अश्विनी उंबरा ओलांडून बाहेर आली. इतके दिवस तिच्यापुढं मेलेला नवरा होता, त्याला ती काय उत्तर देणार? आता जिवंत माणूस विचारत होतं. ती आक्कांच्या पायाशी बसली. "आत्या, मला रातपाळी पडणार. तिला कोण बघंल? तुमीबी चला. एक खोली हाय, पर हाय. हितला ऊस-म्हशी भावजी बघतील. करमलं न्हाय तर माघारी या, मी आडवी येणार न्हाय."

"लोक काय म्हणतील," बापू म्हणाला, पण त्यात आता दम नव्हता.

"लोकं गेली उडत," आक्का म्हणाल्या. मग ओवीला जवळ ओढून, "रविवारी निघू."

बापू फोन उचलून मागच्या रानाकडं निघून गेला. त्याला पटलं की नाही, मला माहीत नाही. आजही त्याच्याकडं ते रेकॉर्डिंग आहे, असं अश्विनी सांगते.

आक्का उठल्या. पदरानं तोंड पुसलं आणि सरांना म्हणाल्या, "सर, जेवून जावा." दुखवट्याचं घर, मी नको म्हणणार होते. सर "बरं" म्हणाले. आक्कांनी स्वतः बाजरीची भाकरी थापली, शेंगदाण्याची आमटी वाढली आणि समोर बसून राहिल्या. सरांनी ताटातलं सगळं संपवलं.

परतताना कालव्याच्या पुलाजवळ त्यांनी गाडी बाजूला घेतली. काचा वर केल्या, इंजिन बंद केलं, रेकॉर्डर काढला आणि ती टेप लावली. मला वाटलं, ह्या बंद गाडीत मी बसू नये, पण उतरताही येईना. एकदा ऐकलं. पुन्हा ऐकलं. मग कानाला लावून ऐकलं.

"येतंय ऐकू?" मी विचारलं.

"बापू म्हणाला ना, पाणी," ते म्हणाले. "पाणीच आहे ते, बाई. त्या दिवशी मोरीतला नळ गळत असणार. बघितला नव्हता मी. मुद्दाम बघितला नव्हता."

मी त्यांच्या हातावर हात ठेवला. इतक्या वर्षांच्या शेजारात तेवढं एकदाच. मग ते दार उघडून उतरले आणि कालव्याच्या कडेला जाऊन उभे राहिले. रेकॉर्डर सीटवर राहिला होता, बंद. त्यानंतर जेमतेम वर्षभर ते होते, भिंतीवरून रोज दिसायचे. पण सर म्हटलं की मला दिसते ती त्यांची कालव्याकडची पाठ. शेतीच्या पाण्याचं आवर्तन सुटलं होतं, कालवा काठोकाठ वाहत होता. मी हवेसाठी काच खाली केली, तर वाऱ्यावर त्यांचा आवाज आला.

"जेवलो गं शालन," ते म्हणत होते. "बाजरीची भाकरी होती. आत्ताच जेवलो."

पुढं ते बरंच काही बोलत होते, हातवारे करून, मधे न थांबता. मी काच परत वर केली.